शंभर टनांत एक ग्रॅम

आमच्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेली मुलं पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "मॅडम, सगळ्यात त्रासदायक काय असतं?" मी एखाद्या जहाल कीटकनाशकाचं नाव घेईन, असं त्यांना वाटतं. मी म्हणते, "तुळस." मग लवंग, सोनामुखी, गुग्गुळ अशी यादी वाढवत नेते आणि मुलं माझ्याकडे संशयाने बघायला लागतात.

मी पुण्याजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत रसायन-विश्लेषक आहे. शेतमालात उरलेले कीटकनाशकांचे अंश मोजायचे, हे माझं काम. सुरुवात द्राक्षांपासून झाली. द्राक्ष हे आमच्या दृष्टीने सज्जन फळ. बहुतांश पाणी, मग साखर, थोडी आम्लं. बागेत कुणी औषध मारलेलं असेल तर ते यंत्रावर ठळक उठून दिसतं. पुढे औषधी वनस्पती यायला लागल्या. अश्वगंधाची मुळं, शतावरी, सफेद मुसळी, तुळशीचा वाळलेला पाला. तेव्हा कळलं, की वैद्य ज्या गुणांसाठी एखादी वनस्पती निवडतो नेमके तेच गुण माझ्या कामात आडवे येतात. तुळशीत युजेनॉलसारखी सुगंधी तेलं, सोनामुखीत सेनोसाइडं, हळदीत कर्क्युमिन, गुग्गुळात राळ. एकेका पानात शेकडो रसायनं, आणि त्यांच्यापुढे कीटकनाशकाचा अंश अगदीच किरकोळ.

किरकोळ म्हणजे किती, तेही सांगते. युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमानुसार, ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. हिशेब केला तर हे प्रमाण शंभर टनांत एक ग्रॅम होतं. वाळलेल्या पाल्याने भरलेले दहा-दहा टनांचे दहा ट्रक एका रांगेत उभे करा आणि त्या सगळ्या मालात मिळून दोन-तीन चिमूट मीठ मिसळा. ते मीठ आहे की नाही आणि असेल तर किती, हे आम्हाला दोन ग्रॅम पाल्यावरून सांगायचं असतं.

औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतींचा कायदा थोडा निराळा. युरोपच्या औषधकोशात, म्हणजे फार्माकोपियात, कीटकनाशकांचा एक तक्ता आहे. त्यात किलोमागे लिंडेनला ०.६ मिलिग्रॅम, डीडीटी आणि त्याच्या विघटनातून झालेल्या रसायनांना मिळून १, अल्ड्रिन आणि डायल्ड्रिनला मिळून ०.०५, क्लोरपायरीफॉसला ०.२ अशा मर्यादा आहेत. तक्त्यात नसलेल्या रसायनासाठी एक सूत्र दिलं आहे. साठ किलो वजनाच्या माणसाने आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल असं त्या रसायनाचं प्रमाण घ्यायचं, त्याचा फक्त एक टक्का औषधातून यावा असं धरायचं, आणि रोजच्या डोसाने भागायचं. त्यामुळे चिमूटभर चूर्णाला सैल मर्यादा मिळते, तर मूठभर काढ्याच्या वनस्पतीला कडक. आपल्या आयुर्वेदिक फार्माकोपियातही जड धातू, अफ्लाटॉक्सिन आणि जंतूंबरोबर कीटकनाशकांची चाचणी आहे.

यातून गंमत अशी होते, की तुळशीचं एकच पोतं चहाचा पाला म्हणून पाठवलं तर एका नियमात बसतं आणि औषध म्हणून पाठवलं तर दुसऱ्या. क्लोरपायरीफॉसची युरोपातली मान्यता २०२० मध्ये संपली आणि खाण्याच्या पदार्थांसाठी त्याची मर्यादा सर्वसाधारणपणे ०.०१ वर आली. औषधकोशातली मर्यादा त्याच्या वीसपट आहे. म्हणून नमुना घेऊन आलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो, "हा माल जाणार कुठे आणि कशासाठी?" पुष्कळांकडे त्याचं उत्तर नसतं.

आता प्रत्यक्ष काम. ते यंत्रापाशी सुरू होत नाही, पोत्यापाशी सुरू होतं. वीस पोत्यांपैकी एकाच्या तोंडाशी असलेला मूठभर पाला पिशवीत भरून आणणारे पुष्कळ असतात. त्या पाल्याचा अहवाल त्या मुठीपुरताच खरा. नीट करायचं तर वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून माल काढावा लागतो. तो एकत्र करून त्याचा ढीग पसरायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला सारायचे. उरलेल्याचं पुन्हा तेच. हवा तेवढा नमुना उरेपर्यंत ही वाटणी चालू राहते. तळाशी साचलेला चुरा फेकायचा नाही, कारण फवारलेलं औषध पानांच्या पृष्ठभागावर असतं आणि बारीक चुऱ्यात पृष्ठभाग जास्त.

मग दळण. अश्वगंधाचं वाळलेलं मूळ मिक्सरमध्ये फिरवलं की भांडं तापतं आणि डायक्लोरव्हॉससारखी चटकन उडून जाणारी रसायनं तिथेच हवेत जातात. म्हणून उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओतून मूळ गोठवायचं आणि थंडगार असतानाच दळायचं. पूड मैद्यासारखी एकजीव झाली पाहिजे. पुढची सगळी प्रक्रिया तिच्यातल्या दोन ग्रॅमवर होणार असते.

मी या क्षेत्रात आले तेव्हा जुन्या पद्धतीची काचसामग्री कपाटात अजून होती. मोठमोठी विलगीकरण नरसाळी, त्यात डायक्लोरोमिथेन घालून हलवायचं, थर वेगळे व्हायची वाट बघायची, मग तो द्रव आटवायचा. एका नमुन्याला शेकडो मिलिलिटर द्रावक लागे आणि दिवस मोडे. हे सगळं ज्या पद्धतीने बदललं तिचं नाव क्वेचर्स. झटपट, सोपी, स्वस्त, परिणामकारक, दणकट आणि सुरक्षित या सहा गुणांच्या इंग्रजी नावांवरून ते जुळवलेलं आहे. मायकेलँजेलो अनास्तासियादेस हे शास्त्रज्ञ अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत पाहुणे म्हणून काम करत असताना त्यांनी स्टीव्हन लेहोटे आणि इतरांबरोबर ही पद्धत बसवली. २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि काही वर्षांतच जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली.

पद्धत अशी. पन्नास मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या नळीत दोन ग्रॅम पूड घ्यायची. वाळलेली वनस्पती द्रावकाला दाद देत नाही, म्हणून आधी दहा मिलिलिटर पाणी घालून ती भिजू द्यायची. मूळ पद्धत रसदार फळं-भाज्यांसाठी होती, त्यामुळे ही पायरी आम्हा वाळलेल्या मालवाल्यांची खास. मग दहा मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल घालून जोरजोरात हलवायचं. कीटकनाशकं त्यात उतरतात. नंतर मॅग्नेशियम सल्फेट आणि साधं मीठ. मॅग्नेशियम सल्फेट पाणी शोषून घेताना उष्णता सोडतं आणि हातातली नळी चांगलीच गरम होते. नवख्या मुली दचकतात. मिठामुळे ॲसिटोनायट्राइल पाण्यापासून वेगळं होऊन वर येतं. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तळाला गाळ, मध्ये पाणी आणि वर आपल्याला हवा तो अर्क. द्राक्षाचा अर्क जवळजवळ पाण्यासारखा दिसतो. तुळशीचा गर्द हिरवा.

तो हिरवा रंग काढायची खटपट म्हणजे शुद्धीकरण. अर्कात निरनिराळ्या पावडरी घालतात. एक आम्लं आणि साखर धरते, दुसरी मेण आणि तेल, तिसरी म्हणजे कार्बनची काळी पूड हरितद्रव्य गिळते. कार्बन घातला की हिरवा अर्क डोळ्यांदेखत फिका होतो आणि बघणाऱ्याला फार बरं वाटतं. पण हरितद्रव्याचा मधला भाग जसा चपटा असतो तसेच काही कीटकनाशकांचे रेणूही चपटे असतात. हेक्झाक्लोरोबेन्झीन, थायाबेंडाझोल. कार्बन त्यांनाही गिळतो. अर्क जितका नितळ, तितका पुरावा पुसला गेल्याचा धोका. म्हणून किती मिलिग्रॅम कार्बन घालायचा हे प्रत्येक वनस्पतीसाठी वेगळं ठरवावं लागतं.

मला यात एक विनोद दिसतो. मिश्रणातली रसायनं एकमेकांपासून सुटी करण्याची क्रोमॅटोग्राफी ही विद्या जन्मली तीच पानांच्या हिरव्या रंगातून. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सामध्ये काम करताना पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून सोडला आणि हिरव्या-पिवळ्या रंगांचे पट्टे वेगवेगळे झालेले पाहिले. त्याला रंगच हवे होते. सव्वाशे वर्षांनी आम्ही त्याचीच विद्या वापरतो आणि पहिलं काम करतो ते रंग हाकलण्याचं.

शुद्ध केलेल्या अर्काचे काही मायक्रोलिटर यंत्रात जातात. खरं तर यंत्रं दोन. डीडीटी, लिंडेन, पायरेथ्रॉइड गटातली औषधं वायुरूप होऊ शकतात, त्यांच्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ. इमिडाक्लोप्रिड, कार्बेन्डाझिमसारखी पाण्याशी सलगी असलेली, उष्णतेने बिघडणारी औषधं लिक्विड क्रोमॅटोग्राफवर. दोन्हींच्या शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असतो. रेणूंना विद्युतभार द्यायचा, ठरावीक वस्तुमानाचे तेवढे आत घ्यायचे, त्यांना वायूवर आदळून फोडायचं आणि तुकड्यांचं वस्तुमान मोजायचं. क्लोरपायरीफॉसचा भारित रेणू ३५० वस्तुमानाचा, त्याचे तुकडे १९८ आणि ९७. कार्बेन्डाझिम १९२, तुकडे १६० आणि १३२. दोन्ही तुकडे दिसले पाहिजेत, त्यांचं आपसातलं प्रमाण जुळलं पाहिजे आणि शुद्ध प्रमाण-द्रव्य ज्या मिनिटाला बाहेर पडतं त्याच मिनिटाला ते आले पाहिजेत. यातलं एक जरी चुकलं तर मी नाव लिहीत नाही. एकाच धावेत दोनशेहून जास्त रसायनांची अशी ओळखपरेड होते.

१९५७ मध्ये जेम्स लव्हलॉक यांनी बनवलेल्या इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरने क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचे अतिसूक्ष्म अंश पहिल्यांदा हाती लागले. डीडीटी किती दूरवर पसरलं आहे हे जगाला कळण्यात त्याचा मोठा वाटा आहे. तो डिटेक्टर फार संवेदनशील, पण भोळा. क्लोरीन असलेला कुठलाही रेणू आला की तो हाक देतो, नाव सांगत नाही. औषधी वनस्पतींच्या गजबजलेल्या अर्कात नुसत्या त्याच्या भरवशावर राहणं धोक्याचं, म्हणून तुकड्यांची साक्ष लागते.

एवढं करूनही तुळस आपला शेवटचा डाव खेळते. तिची रसायनं कीटकनाशकाच्या बरोबरीने यंत्रात शिरतात आणि विद्युतभार आपल्याकडे खेचून घेतात. कीटकनाशक असतं, पण त्याचा आवाज दबतो. नमुन्यात ०.०५ असेल तर यंत्र ०.०२ दाखवतं. यावर उपाय म्हणजे मोजपट्टीच तुळशीत तयार करायची. अगदी निर्मळ तुळशीचा अर्क घ्यायचा, त्यात कीटकनाशकाचं माहीत असलेलं प्रमाण घालायचं आणि त्याच्याशी तुलना करायची. त्याच निर्मळ पाल्यात सुरुवातीलाच माहीत असलेलं प्रमाण मिसळून सगळी प्रक्रिया करायची आणि शेवटी किती परत मिळालं ते बघायचं. ७० ते १२० टक्के परत आलं तर पद्धत चालण्याजोगी धरतात.

प्रश्न एवढाच, की निर्मळ तुळस आणायची कुठून? बाजारातून आणलेल्या पाल्यात काही ना काही निघतंच. आमच्या फ्रीझरमध्ये एका सहकारी मुलीच्या आजोळच्या अंगणातली तुळस आहे. तिची आजी दर पावसाळ्यानंतर पिशवी भरून पाठवते. शतावरीसाठी असा कुणी अजून मिळालेला नाही, तिथे दरवेळी शोधाशोध.

आतापर्यंत असलेलं निसटू नये म्हणून काय करतो ते सांगितलं. नसलेलं दिसू नये, हीही तितकीच मोठी काळजी. मॅन्कोझेब हे आपल्याकडचं बहुपरिचित बुरशीनाशक. ते आणि त्याच्या जातकुळीतली औषधं सरळ मोजता येत नाहीत. आम्लात उकळून त्यांच्यापासून सुटणारा कार्बन डायसल्फाइड वायू मोजतात. पण मोहरी, कोबी, लसूण यांच्यात स्वतःचीच गंधकयुक्त रसायनं असतात आणि त्यांतूनही तोच वायू सुटतो. एक थेंबही न फवारलेली मोहरी चाचणीत नापास होऊ शकते. फोल्पेट या बुरशीनाशकाचं तसंच. त्याचा विघटित अंश म्हणून थॅलिमाइड मोजतात आणि ते वनस्पती वाळवताना किंवा यंत्राच्या उष्णतेत दुसऱ्याच मार्गाने तयार होऊ शकतं. अँथ्राक्विनोन तर लाकडा-कोळशाच्या धुरातूनही येतं, म्हणून पाला चुलीच्या खोलीत वाळवला होता का, हेही विचारावं लागतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण निकोटिनचं. एके काळी ते कीटकनाशक म्हणून वापरलं जाई, त्यामुळे चाचणीच्या यादीत आहे. २००८-०९ च्या सुमारास युरोपात रानातून गोळा केलेल्या अळिंब्यांत ते सापडलं, जिथे फवारणीचा प्रश्नच नव्हता. वाळलेल्या वनस्पतींत आणि चहातही ते दिसत राहिलं. जर्मनीत पुदिन्यावर प्रयोग झाले तेव्हा मातीत तंबाखू मिसळली तर पुदिना मुळांवाटे निकोटिन शोषून घेतो, असं दिसून आलं. हात हा दुसरा संभाव्य मार्ग. आपल्याकडे पाला निवडायला बसलेली मंडळी मध्येच तळहातावर तंबाखू मळतात, चिमूट तोंडात टाकतात आणि त्याच हाताने पुन्हा पाल्याला लागतात. मर्यादा इतकी सूक्ष्म असताना एवढा स्पर्श नगण्य म्हणता येत नाही.

आकडा खरा असला तरी त्याच्यामागची गोष्ट शोधावी लागते, हे मला लातूरकडच्या एका शेतकऱ्याच्या तुळशीने शिकवलं. वाळलेल्या पाल्यात कार्बेन्डाझिम आणि थायामेथोक्झाम निघालं. खरेदीदाराने माल नाकारला. फोन आला, "ताई, मी तुळशीत पंप नेलाच नाही. तुमचं यंत्र तपासा." मी म्हटलं, "दादा, यंत्राला तुमचं शेत माहीत नाही. शेतातला ओला पाला पाठवा, बांधाकडचा वेगळा आणि मधला वेगळा. वाळवण जिथे घातलं होतं तिथला कचरा आणि एक रिकामी गोणीही पाठवा." शेजारच्या शेतातून फवारा उडून आला असता तर बांधाकडच्या पानांवर जास्त आणि मधल्या पानांवर कमी निघालं असतं. दोन्हीकडचा पाला स्वच्छ होता. गोणीचा तुकडा कापून त्याचा तसाच अर्क काढला, आणि त्यात दोन्ही रसायनं होती. त्या गोण्यांत आधी बीजप्रक्रिया केलेलं सोयाबीनचं बियाणं होतं. झटकून, उन्हात घालून त्या पुन्हा वापरल्या होत्या. त्याचं म्हणणं खरं होतं आणि अहवालही खरा होता.

मुळांची गोष्ट आणखी निराळी. त्यांना कधीकधी आजोबांच्या काळातल्या फवारणीची बाधा असते. डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर भारतात १९८९ मध्ये बंदी आली, पण डासांविरुद्ध त्याचा वापर पुढेही चालू राहिला आणि जमिनीत ते दशकानुदशकं टिकतं. अश्वगंधाच्या मुळात ते सापडलं की मी आधी डीडीई बघते. डीडीटी हळूहळू मोडून डीडीई तयार होतं. डीडीई जास्त आणि मूळ डीडीटी कमी असेल तर बाधा जुनी. उलट असेल तर कुणीतरी अलीकडे वापरलं असण्याची शक्यता वाढते.

वाचकांना सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याच्या पुढचं. अहवालात सगळ्या रसायनांपुढे ‘आढळले नाही’ असं लिहिलेलं असलं की माणसं सुटकेचा निःश्वास सोडतात. मी सोडत नाही, कारण २०१० चा द्राक्षांचा हंगाम मला आठवतो. त्या वर्षी आपली द्राक्षं आपल्याकडच्या चाचण्या पार करून युरोपात पोहोचली आणि तिथे त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. शेतकऱ्यांच्या भाषेत सीसीसी. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून घडधारणा वाढावी म्हणून ते फवारत. कंटेनर अडकले, बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. आपल्याकडच्या चाचण्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. क्लोरमेक्वाट तपासायच्या यादीतच नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं.

शिवाय ते नेहमीच्या चाचणीत सहज दिसणारंही नाही. तो विद्युतभारित रेणू आहे आणि त्याला पाणी सोडवत नाही. क्वेचर्समध्ये मीठ घालून थर वेगळे केले की तो खालच्या पाण्यातच राहतो आणि आपण वरचा थर उचलतो. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट ही तणनाशकंही अशीच निसटतात. त्यांच्यासाठी वेगळी पद्धत लागते, वेगळी धाव आणि अर्थातच वेगळे पैसे. औषधी वनस्पतींच्या शेतात खुरपणी हा मजुरीचा मोठा खर्च असतो, त्यामुळे तणनाशक मारलं जाण्याची शक्यता खरी आहे. तरीही दोनशे रसायनांच्या नेहमीच्या यादीत ग्लायफोसेट बहुधा नसतं.

इथिलीन ऑक्साइड हे दुसरं उदाहरण. पाला, मुळं, मसाले जंतुमुक्त करायला हा वायू वापरला जातो, म्हणजे तो शेतात नव्हे तर गोदामात येतो. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतातून आलेल्या तिळात तो सापडल्याचं कळवलं आणि युरोपभर माल परत घ्यावा लागला. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर त्याच कारणाने कारवाई केली. युरोपात तो कीटकनाशकांच्या नियमांखाली मोजला जातो, तोही त्यापासून बनणाऱ्या २-क्लोरोइथेनॉलसकट. शेतकऱ्याने काटेकोर सेंद्रिय पद्धतीने पिकवलेली शतावरी कारखान्यातल्या एका रात्रीत नापास होऊ शकते.

म्हणून अहवाल हातात आला की खालून वर वाचावा. आधी कोणकोणती रसायनं शोधली त्यांची यादी. मग प्रत्येकाची किमान मोजता येणारी मर्यादा. नियम ०.०१ चा असताना प्रयोगशाळा ०.०५ च्या खाली मोजूच शकत नसेल, तर ‘आढळले नाही’ला अर्थ नाही. प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असली तरी ती कशासाठी आहे, हेही पाहावं. मान्यता ठरावीक चाचण्या आणि ठरावीक प्रकारच्या मालासाठी असते. फळांसाठी मिळालेली मान्यता गुग्गुळाला आपोआप लागू होत नाही. नमुना कुणी काढला, तो प्रयोगशाळेच्या माणसाने काढला की मालकाने पाठवला, हेही तिथेच लिहिलेलं असतं. शेवटी आकड्याची अनिश्चितता. युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती सर्वसाधारणपणे पन्नास टक्के धरतात. ०.०१२ असा निकाल आला तर खरा आकडा ०.००६ ते ०.०१८ यांच्यात कुठेही असू शकतो, म्हणून नियामक तेवढ्यावरून गुन्हा ठरवत नाही. खरेदीदार मात्र भाव पाडायला तेवढा आकडा पुरेसा समजतो.

पोटात किती जातं, हा प्रश्न मला घरचे लोक विचारतात. त्याचं उत्तर औषध कसं बनवलं यावर आहे. चहावर झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे, की इमिडाक्लोप्रिडसारखी पाण्यात विरघळणारी औषधं बऱ्याच प्रमाणात कपात उतरतात, तर बायफेन्थ्रिनसारखी जवळपास न विरघळणारी चोथ्यातच राहतात. त्याच पाल्याचं तेल सिद्ध केलं तर हिशेब उलटा होतो, स्निग्धप्रिय रसायनं तेलात येतात. चूर्णात सगळंच पोटात जातं. वाळवण्याचाही परिणाम असतो. पाच किलो ओल्या पाल्याचा एक किलो वाळला आणि औषध उडून गेलं नाही, तर ओल्यातलं ०.०१ वाळल्यात ०.०५ होतं.

मग करायचं काय? कीटकनाशकांची नोंदणी आपल्याकडे पिकागणिक होते आणि बहुतेक औषधी वनस्पतींसाठी लेबलवर शिफारसच नसते. शेतकरी मावा पडला म्हणून कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदार कापसावरचं औषध हातात देतो. किती दिवस थांबून काढणी करायची, हे त्या डब्यावर कापसासाठी लिहिलेलं असतं, तुळशीसाठी नाही. पुढे माल व्यापारी, गोदाम, कारखाना असा फिरतो आणि चाचणी होते ती अगदी शेवटी. तेव्हा दहा शेतांचा पाला एकत्र झालेला असतो. माझ्या आकड्यावरून माल नाकारता येतो, पण चूक कुठल्या बांधावर झाली ते सांगता येत नाही आणि पाल्यातून औषध परत काढता तर येतच नाही.

द्राक्षांनी यातून वाट काढली आहे. निर्यातीच्या बागांची नोंदणी होते, काढणीआधी बागेतूनच नमुना जातो, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली संदर्भ प्रयोगशाळा चाचण्यांवर लक्ष ठेवते, आणि २०१० नंतर क्लोरमेक्वाट यादीत आलं. नाशिक-सांगलीचा बागायतदार आज पीएचआयचे, म्हणजे फवारणीनंतर काढणीआधी थांबायचे, दिवस तोंडपाठ सांगतो. तुळस किंवा शतावरी लावणारा दोन-तीन एकरांचा शेतकरी हे एकटा करू शकणार नाही, एका चाचणीलाच काही हजार रुपये जातात. पण वीस जणांचा गट करू शकतो. काढणीच्या पंधरा दिवस आधी गटाने शेताशेतातून ओला पाला आणावा, काय काय मारलं आणि शेजारच्या रानात काय मारलं जातं याची यादी सोबत द्यावी, आणि खरेदीदार कंपनीने चाचणीचा खर्च उचलावा. ती यादी हाती असली की यंत्राला काय विचारायचं हे मला कळतं, आणि नापास झालेलं एखादं शेत बाकीच्या एकोणिसांच्या पोत्यांत मिसळत नाही. आम्हाला त्यासाठी नवं यंत्र लागणार नाही. नमुना मात्र आजच्यापेक्षा तीन महिने लवकर लागेल.